बेण्याचं पाणी

रिकाम्या ट्रकचा आवाज वेगळा असतो. भरलेला ट्रक पुलावरून कण्हत जातो, रिकामा खडखडत येतो. सालघाटच्या नाक्यावर मला दीड वर्ष झालं होतं आणि डोळे मिटून मी सांगायचे, हा कुठं चाललाय ते. रोज साडेतीनशे ट्रक इथून नेपाळात जायचे. डिझेल, खत, सिमेंट, औषधं, बिस्किटं, काय म्हणाल ते. परत येताना त्यातले तीनशेवीस रिकामे. शेजाऱ्याला सगळं विकायचं आणि त्याच्याकडून काहीच घ्यायचं नाही, मग तो किती दिवस राम राम करणार?

म्हणून तर दोन हजार एकेचाळीस साली समतोल करार झाला. जेवढे भरलेले ट्रक जातील त्यांच्या निदान एक तृतीयांश तरी भरलेले परत आले पाहिजेत, आणि शेजाऱ्याचा माल घेणाऱ्या आपल्या व्यापाऱ्याला सरकार वर सवलत देणार. कागदावर झकास. पण आपली माणसं काय कमी आहेत? सहा महिन्यांत आपलंच आलं, आपलीच हळद पूल ओलांडून जायला लागली, पलीकडे नव्या पोत्यात भरली जायला लागली आणि नेपाळी होऊन परत यायला लागली. सवलत व्यापाऱ्याच्या खिशात. नेपाळच्या शेतकऱ्याच्या हातात धत्तुरा, आणि आपल्या शेतकऱ्याचाही भाव पडलेला.

हे थांबवायला मूळमापक यंत्र आलं, आणि यंत्राबरोबर मी आले. हर्षदा बर्गे, मुक्काम कोरेगाव, जिल्हा सातारा. शिक्षण भूरसायनशास्त्रातलं, स्वभाव आजीचा. दोन्हींचा त्रास आजूबाजूच्यांना होतो.

यंत्र करतं काय, ते सांगते. अवघड नाही. पाण्यातला ऑक्सिजन जड असतो आणि हलकाही असतो. समुद्रावरून निघालेला ढग डोंगर चढायला लागला की जड पाणी आधी टाकून देतो. त्यामुळे जितकं उंचावर जाल तितका पाऊस हलका. रोप ते पाणी पितं आणि त्यातूनच आपलं पीठ आणि आपले धागे तयार करतं. ही झाली पहिली खूण. दुसरी खूण मातीची. स्ट्रॉन्शियम नावाचा धातू प्रत्येक मातीत चिमूटभर असतो, त्याचेही प्रकार असतात आणि त्यांचं प्रमाण खालच्या खडकावर ठरतं. आमचा साताऱ्याचा काळा कातळ त्या मानानं तरणा, हिमालयाच्या पोटातले खडक फार म्हातारे. दोन्ही खुणा जुळवल्या की कंद कुठल्या पाण्यावर आणि कुठल्या मातीत वाढला ते कळतं. यंत्र पोत्यात नळी खुपसतं, गव्हाच्या दाण्याएवढा तुकडा घेतं, जाळतं, आणि चार मिनिटांत दिवा लावतं. हिरवा म्हणजे माल पलीकडचा. लाल म्हणजे आपलाच, फिरवून आणलेला.

जमीन कुणाची ते सांगतं म्हणून मी त्याला तलाठी म्हणायचे. नाक्यावरची बंगाली पोरंसुद्धा 'तोलाठी' म्हणायला शिकली होती. तलाठ्याला शिकवायला देशभरातून आल्याचे नऊशे नमुने लागले. त्यातला नमुना क्रमांक एक आमच्या मळ्यातला, माझ्या हातानं उपटलेला. त्याचा मला कोण अभिमान होता.

त्या दिवशी अकरा वाजता तीनघरेचा ट्रक तपासणीच्या पट्टीवर आला तेव्हा मी चहाचा कप नुकता तोंडाला लावला होता. श्रावण सरत आला होता. चार मिनिटांनी लाल दिवा लागला आणि मी कप खाली ठेवला.

तीनघरे हे पलीकडच्या डोंगरात तासाभरावरचं गाव. तिथं बायकांची आल्याची सोसायटी आहे, फूलमाया लिम्बू तिची अध्यक्ष. पन्नाशीची, ठेंगणी, बोलताना समोरच्याच्या दंडाला धरून बोलणारी. हिवाळ्यात यंत्र नवीन होतं तेव्हा तिचे अकरा ट्रक आले आणि अकराही हिरवे निघाले. तेव्हा ती मला बहिनी म्हणायची, म्हणजे धाकटी बहीण, आणि मी तिला दिदी. मी तिला शेंगदाण्याची चटणी द्यायचे, ती मला वाळवलेला पाला आणून द्यायची, त्याची आमटी कशी करायची ते चारचारदा सांगायची. मग ह्या पावसाळ्यात तिचा एक ट्रक लाल झाला. तीन आठवड्यांनी दुसरा. पहिल्या लाल दिव्यानंतर ती मला मॅडम म्हणायला लागली.

एका हंगामात तीन लाल आले की त्या सोसायटीला पाच वर्षं पूल बंद, असा नियम. दुसरं वाचन संध्याकाळी पाच वाजता घ्यायचं. तेही लाल निघालं की खाली माझी सही, आणि मग दिल्लीसुद्धा काही करू शकत नाही.

फूलमाया काचेपलीकडे उभी होती. ओरडली नाही, रडली नाही. दार ढकलून आत आली आणि खुर्चीवर बसली.

"ह्या वेळी पोती मी स्वतः भरलीत," ती म्हणाली. आमचं बोलणं हिंदीत चालायचं, तिच्या हिंदीला डोंगरी हेल आणि माझ्या हिंदीला सातारी. "रात्रभर ट्रकमध्ये पोत्यांवर झोपले. कुणी काही मिसळलेलं नाही."

"यंत्र खोटं बोलत नाही, दिदी."

"हेच तुम्ही मागच्या वेळी बोललात. मी घरी जाऊन हेच नवऱ्याला बोलले."

कर्णबहादुर, तिचा नवरा, सोसायटीचा सेक्रेटरी होता. खाली बाजारात जाणं-येणं त्याचंच. दुसऱ्या लाल दिव्यानंतर गावानं ठरवून टाकलं की त्यानंच भारतातलं आलं आणून मिसळलं. सोसायटीनं त्याला काढलं. तो महिन्यापूर्वी घरातून निघून गेला आणि विराटनगरात कुठल्याशा गोदामात हमाली करत होता.

"तो म्हणत राहिला, मी नाही केलं," फूलमाया म्हणाली. "पण मशीन म्हणत होतं केलं. बत्तीस वर्षांचा संसार, मॅडम, आणि मी मशीनचं ऐकलं. आता तो नव्हताच, तरी दिवा लाल. मग कुणी मिसळलं? सांगा तुम्ही."

मी पडद्याकडे बघत बसले. माणसाच्या तोंडाकडे बघवत नसलं की पडदा फार कामाला येतो.

तेवढ्यात फोन वाजला. धैर्यशील, माझा धाकटा भाऊ. मळा तोच बघतो. तालुक्याच्या आले उत्पादक संघाचा अध्यक्ष. नाक्यावर यंत्र बसवा म्हणून मुंबईपासून दिल्लीपर्यंत मोर्चे त्यानंच काढले होते. वाचनांची यादी सगळ्यांना उघडी असते, त्यामुळे त्याला माझ्याबरोबरच कळायचं.

"आक्का, तिसरा लागला म्हणं," तो म्हणाला. आवाजात लग्नघरातली खुशी. "पाचला सही झाली की लगीच कळव. इथं पोरांनी हलगीवाला सांगून ठेवलाय."

"मी कामात आहे, धैर्या."

"तुझं काम म्हंजी सही. कर आन् मोकळी हो."

फोन ठेवला तर फूलमाया जागेवर नव्हती. बाहेर जाऊन तिनं एक पोतं उचललं होतं. ते घेऊन ती आत आली आणि माझ्या टेबलावर, कागदांवर, कपावर, सगळं ओतलं. चहा सांडला. दारातल्या शिपायानं पुढं पाऊल टाकलं, मी हातानंच थांब म्हटलं.

"एकदा तरी आलं बघा," ती म्हणाली. "दीड वर्ष झालं, तुम्ही नुसता दिवा बघता."

मला राग आला. पण खरं होतं ते. नळी पोत्यात जायची, तुकडा आत जायचा, दिवा लागायचा. आल्याच्या मातीत वाढलेली बाई मी, आणि नाक्यावर आल्याला हात लावला नव्हता.

मी एक तुकडा उचलला. तपकिरी, सुरकुतलेला, वजनाला हलका. एका बाजूला तोडल्याची ताजी खूण. मोडून बघितला तर आत धागेच धागे, आणि वास असा की डोळ्यांत पाणी आलं. दुसरा उचलला, तोही तसाच. तिसरा, चौथा.

"हे नवीन आलं नाही," मी म्हणाले.

"नवीन कसं असेल? नवीन मंसिरमध्ये निघतं, थंडीत. हा माऊ आहे. आई. जमिनीत लावतो तो तुकडा. तीन महिन्यांनी पिल्लं धरली की बाजूनं माती उकरायची, आईला हळूच तोडून घ्यायची, पिल्लं तशीच वाढू द्यायची. पावसाळ्यात घरात तेवढाच पैसा. आमच्यात सगळेच काढतात."

अहो, आमच्यातही काढतात. उटाळणीच्या, म्हणजे माती हलवून सैल करायच्या वेळी रोपाच्या बुडाशी बोटं घालून जुनं बेणं काढायचं काम लहानपणी माझ्याकडेच असायचं, कारण माझी बोटं बारीक होती. पण आमच्याकडे बेणं घरच्याच मळ्यातलं. आई त्याच मातीतली, लेकरंही त्याच मातीतली. दोन्हींचं पाणी एक. तलाठ्याला शिकवताना जुनं बेणं वेगळं वाचावं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. सासर-माहेर एकाच गल्लीत असलेल्या बाईला प्रवास म्हणजे काय ते कसं कळणार?

"दिदी, हे बेणं तुम्ही आणलं कुठून?" मी विचारलं.

ती माझ्याकडे वेड्यासारखी बघत राहिली. "कुठून म्हणजे? तुमच्याकडून. आमचं बियाणं गेल्या वर्षी सगळं कुजलं. फागुनमध्ये कर्ण खाली सिलिगुडीला गेला आणि दोन ट्रक घेऊन आला."

"मग हे आधी का नाही सांगितलंत?"

"विचारलं कुणी? खत तुमचं, डिझेल तुमचं, फावडं तुमचं, पोतंसुद्धा तुमचं. त्यात बियाणं तुमचं, हे सांगण्यासारखं काय आहे?"

मी डोक्याला हात लावला. कंद फेब्रुवारीपर्यंत भारतातल्या मातीत वाढला, तिथलं पाणी प्यायला, त्याचं पीठ आणि धागे तिथंच तयार झाले. मग तो डोंगरात जाऊन जमिनीत बसला. नवीन पाणी नवीन पिल्लांत गेलं, याच्या जुन्या धाग्यांत जुनंच राहिलं. तलाठी अगदी खरं बोलत होता. प्रश्नच चुकीचा विचारला गेला होता, आणि तो मी लिहिला होता.

यंत्रात एक आतला कप्पा आहे. बाहेर नुसतं 'भारत' दिसतं, पण आत कुठल्या नमुन्याशी किती जुळलं तेही साठवलेलं असतं. तो उघडायचा संकेतशब्द सालघाटला फक्त माझ्याकडे होता. मी फूलमायाला पाणी दिलं, पडदा माझ्याकडे वळवला आणि उघडला.

पहिला लाल ट्रक, नमुना क्रमांक एक. दुसरा लाल ट्रक, नमुना क्रमांक एक. आजचा, नमुना क्रमांक एक. दोन्ही खुणा सत्त्याण्णव टक्के जुळत होत्या.

आमचा मळा.

मी बाहेर पुलाच्या कठड्यापाशी जाऊन धैर्याला फोन लावला.

"फेब्रुवारीत आपलं बेणं सिलिगुडीला गेलं होतं का?"

मागे मळ्यातली मोटार चालू होती, ती ऐकू येत होती.

"धैर्या, तुला विचारतेय मी."

"गेलं आसंल. बेणं काय, सगळीकडं जातंय."

"तिथून ते तीनघरेला गेलं. तुला माहीत होतं."

"पयला लाल लागला तवाच कळलं," तो म्हणाला. आता त्याचा आवाज बारीक झाला होता. "गावाचं नाव यादीत वाचलं. माझ्या दलालानंच त्यास्नी दिलं हुतं."

"आणि तू गप्प बसलास. त्या माणसाला चोर ठरवून गावानं हाकललं रे."

"आन् माझ्या गावाचं काय? सवलतीचं आलं येतंय म्हणून आमचा भाव पाडत्यात. तीन हजार घरं हायती माझ्या मागं. मशीन तुझं, नियम तुझा, सही तुझी. मी काय खोटं बोललो? मी फकस्त बोललो न्हाय." मग जरा थांबून म्हणाला, "आक्का, तुला कळलं नसतं तर तू पाचला सही केलीच असतीस की."

केली असती. तेच तर झोंबलं.

नाक्याचे प्रमुख बसाक साहेब. निवृत्तीला आठ महिने राहिलेला, मिळमिळीत पण मनानं वाईट नसलेला माणूस. मी त्यांना बेण्याचं सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला.

"सिद्धान्त छान आहे," ते म्हणाले. "पण पाच वाजता दिवा लाल लागला तर मी दिल्लीला सिद्धान्त पाठवू का? पुरावा काय?"

"अख्खं रोप. आई आणि पिल्लू एकमेकांना जोडलेलं. दोन्ही वाचायची."

"शेताला भेट द्यायची तर पंधरा दिवसांची नोटीस लागते, मॅडम."

"पाचला पंधरा दिवस कुठले आणू? मी जेवायला चाललेय असं समजा."

त्यांनी भिंतीवरचं घड्याळ बघितलं. मग म्हणाले, "जेवून लवकर या."

एक वाजून गेला होता. फूलमायानं पलीकडून एक विजेची जीप ठरवली. रस्ता अर्धा वाहून गेलेला, वळणावळणावर दरडीचा चिखल. ती ड्रायव्हरच्या खांद्यावर थापा मारत होती आणि मी घड्याळाकडे बघत होते. एकदा चाक गाळात रुतलं, दोघींनी उतरून ढकललं. एका वळणावर बुलडोझर रस्ता मोकळा करत होता, तिथं पंचवीस मिनिटं गेली.

तीनघरेच्या वरच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या शेतांतला माऊ अजून काढायचा होता. मी फूलमायाला बांधावरच थांबवलं. वाफे मीच निवडले, तीन वेगळ्या घरांचे. गुडघे टेकले आणि बुडाशी बोटं घातली. आता ती बारीक राहिलेली नाहीत, पण विसरलेली नव्हती. हलवून, माती सैल करून, मुळाला धक्का न लावता तीन रोपं अख्खी उपटली. खाली सुरकुतलेली आई आणि तिला चिकटलेली गुलाबी टोकांची पिल्लं. तिथंच पिशवीत घालून मी मोहोर लावली. गावातल्या बायका बांधावर जमल्या होत्या. सही करणारी बाई ती हीच, हे त्यांना कळलं होतं. कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही, आणि माझी तक्रार नव्हती.

पाचला अर्धा तास उरला असताना मी चिखलानं माखलेली नाक्यावर पोचले. बसाक साहेब यंत्रापाशी उभेच होते. पहिल्या रोपाची आई लावली, लाल. त्याच रोपाचं पिल्लू लावलं. चार मिनिटांनी दिवा लागला. हिरवा. दुसरं रोप, लाल आणि हिरवा. तिसरं रोपही तसंच.

बसाक साहेबांनी खुर्चीत अंग टाकलं. "आजचा ट्रक सोडा. माऊचा माल, बियाणं भारतीय, वाढ नेपाळी, असा शेरा लिहा. मी सही करतो." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आधीच्या दोन्हीचं जाऊ द्या. तो माल पुरून टाकलाय, आता काय तपासणार? ते उकरायला गेलात तर पहिल्यांदा तुम्हीच निलंबित व्हाल."

फूलमाया दाराशी उभी राहून ऐकत होती. "आणि कर्ण?" तिनं विचारलं.

बसाक साहेब शेऱ्याचा कागद शोधायला लागले.

उत्तर माझ्याकडे होतं. माल पुरला होता, पण वाचनं यंत्रात जिवंत होती. फिरवाफिरवी करणारा व्यापारी बाजारातून आलं उचलतो. त्यात दहा मळे, दहा विहिरी मिसळलेल्या असतात. ह्या तिन्ही ट्रकमध्ये मळा एकच निघाला होता. एकाच मळ्याचा कंद एवढ्या प्रमाणात फक्त बेणं म्हणूनच जातो. म्हणजे कर्णबहादुर निर्दोष. पण हे सिद्ध करायचं तर तो कप्पा उघडून दाखवावा लागणार, आणि तो मळा कुणाचा, हे माझ्या अक्षरात लिहावं लागणार. आले उत्पादक संघाचा अध्यक्ष पलीकडे बेणं विकतो, त्याच बेण्यामुळे पलीकडचा माल पकडला जातो, आणि तो हलगी वाजवतो. गावात त्याची काय शोभा होईल ते मला माहीत होतं. नाही लिहिलं तर कुणाला काही कळणार नव्हतं. संकेतशब्द माझ्याकडे होता.

मी धैर्याला फोन केला. त्याला आधी सांगायला हवं होतं. पाठीत वार करायचा नव्हता.

"मी तुझं नाव लिहितेय."

"कशापायी?" तो म्हणाला. "तुझा ट्रक सुटला न्हवं? मग आता कुणासाठी? त्या परक्या माणसासाठी?"

"त्याला मी चोर केलंय, धैर्या. तू नाही, मी. माझी सही आहे दोन्हीवर."

"आक्का, लहानपणी तुला बेणं काढायला मी शिकवलं न्हाय, तूच मला शिकवलंस. तवा काय म्हणायचीस, पिल्लाला धक्का लागू देऊ नगंस. ध्यानात हाय का?" तो म्हणाला. "लिही. पण मग ह्या गौरीला येऊ नगंस."

आणि फोन बंद झाला.

मी टेबलावरचं आलं बाजूला सारलं आणि लिहिलं. नमुना क्रमांक एक, बर्गे मळा, कोरेगाव. मालक धैर्यशील बर्गे, माझा सख्खा भाऊ. यंत्राच्या चाचणीत जुन्या बेण्याचा विचार न करणं ही चूक सर्वस्वी माझी. दोन्ही लाल निर्णय मी मागे घेते. खाली सही केली.

बसाक साहेबांनी कागद दोनदा वाचला, काही न बोलता मोहोर उमटवली आणि माझं ओळखपत्र मागून घेतलं. चौकशी होईपर्यंत मी नाक्यावर नव्हते. बाहेर तीनघरेचा ट्रक सुरू झाला आणि कण्हत आपल्या बाजूला निघाला. त्या दिशेला कण्हणारा ट्रक ऐकायची कानाला सवय नव्हती.

फूलमाया बाहेरच्या बाकावर कागदाची प्रत घेऊन बसली होती. मी शेजारी बसले. तिनं आभार मानले नाहीत, आणि मानले असते तर मला सहन झालं नसतं.

"शेवटचे आठ दिवस मी त्याला ताट वाढून बाहेर ठेवायचे," ती म्हणाली. "समोर बसायचे नाही."

तिनं फोन काढून लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला.

"माझा नंबर बघून तो उचलत नाही," ती म्हणाली. "तुमच्यावरून लावाल, बहिनी?"

ती बहिनी म्हणाली हे मला जरा उशिरा कळलं. मी नंबर लावला. चौथ्या घंटीला उचलला गेला. मागे कुणीतरी पोती मोजत होतं.

"कर्णबहादुरजी, मी सालघाटच्या नाक्यावरची मॅडम बोलतेय," मी म्हणाले. "तुम्ही काही मिसळलं नव्हतं. चूक माझी होती. मी ते लिहून दिलंय."

पोत्यांची मोजणी लांब गेली, तो बाजूला झाला असावा. मग एक घोगरा आवाज आला.

"फूलमाया आहे का तिथं?"

मी फोन तिच्या हातात दिला आणि उठून कठड्यापाशी गेले. तिचं बोलणं मला कळत नव्हतं. आधी रडणं होतं, मग भांडण, मग बराच वेळ ती नुसतं हं, हं करत होती. शेवटी ती आली आणि पदरानं पुसून फोन मला परत दिला.

मी धैर्याला लावला. एकच घंटी झाली आणि तुटला. परत लावला, आता घंटीसुद्धा वाजेना. माझा नंबर त्यानं बंद करून टाकला होता.

फूलमाया माझ्याकडे बघत होती. मी तिच्यापुढे हात केला.

"दिदी," मी म्हणाले, "आता तुमचा फोन द्या."